एलईडी उजळायला उशीर का लावतो? हरवलेल्या दोन सेकंदांचा माग

प्रयोग साधाच असतो. वीज जोडली की एलईडी हळूहळू उजळावा, पूर्ण तेजापर्यंत जावा, मग तसाच सावकाश मावळावा आणि हे चक्र चालू राहावं. मायक्रोकंट्रोलर शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा हा दुसरा किंवा तिसरा प्रयोग. तारा जोडल्या, कोड चढवला, वीज दिली. आणि काहीच होत नाही. एक सेकंद जातो, दीड जातो, काही बोर्डांवर तर पाच जातात. तार निसटली की काय म्हणून हात पुढे होतो, तेवढ्यात दिवा उजळायला लागतो आणि पुढे सगळं ठरल्यासारखं चालतं.

मग शिकणारा कोडमध्ये डिलेचा, म्हणजे मध्ये किती थांबायचं त्याचा, आकडा शोधतो आणि कमी करतो. आता दिवा भराभर उजळतो आणि भराभर मावळतो, पण सुरुवातीचा अंधार तेवढाच राहतो. आकडा आणखी कमी केला की चांगला जमलेला फेड, म्हणजे हे सावकाश उजळणं-मावळणं, बिघडतो, आणि अंधार जागचा हलत नाही. हे पाहताना मला नेहमी वाईट वाटतं, कारण फेडचा कोड बहुतेक वेळा बरोबरच असतो. चूक शोधायची जागा तेवढी चुकलेली असते.

सुरुवातीचा उशीर ही एकच गोष्ट नाही. तीन निरनिराळ्या थांब्यांची ती बेरीज असते: प्रोग्राम सुरू होण्याआधीचा थांबा, प्रोग्राम सुरू झाल्यावर फेडपर्यंत पोचण्याचा थांबा, आणि फेड सुरू होऊनही तो डोळ्याला न दिसण्याचा थांबा. तिघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर वर सांगितलं तसं होतं.

## फेड म्हणजे नेमकं काय घडतं

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. त्यात एकच प्रोग्राम असतो आणि वीज असेपर्यंत तो तेवढाच चालवत राहतो. बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध पिनांमधून येतो, आणि बहुतेक पिनांना दोनच गोष्टी कळतात: चालू आणि बंद. 'अर्धा चालू' हे पिनेला ठाऊकच नाही.

मग मंद उजेड कसा मिळतो? पिन अतिशय वेगाने चालू-बंद करून. समजा खोलीतल्या दिव्याचं बटण कोणी सेकंदाला पाचशे वेळा खालीवर करू शकलं, आणि प्रत्येक वेळी पाव वेळ चालू, पाऊण वेळ बंद ठेवलं, तर डोळ्याला लुकलुक दिसणार नाही, नुसता मंद दिवा दिसेल. या युक्तीला पीडब्ल्यूएम म्हणतात. आर्डुइनो ऊनो या बोर्डावर बहुतेक पीडब्ल्यूएम पिना सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद होतात. किती वेळ चालू ठेवायचं ते ० ते २५५ या आकड्यांत सांगायचं. ० म्हणजे पूर्ण बंद, २५५ म्हणजे पूर्ण चालू.

आर्डुइनोसोबत मिळणाऱ्या फेडच्या नमुना-कोडमध्ये हा आकडा ० पासून सुरू होतो, दर वेळी त्यात ५ मिळवले जातात आणि मध्ये ३० मिलिसेकंद थांबलं जातं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. २५५ पर्यंत जायला ५१ पायऱ्या, प्रत्येकी ३० मिलिसेकंद, म्हणजे १५३० मिलिसेकंद. दीड सेकंदात दिवा पूर्ण तेजावर पोचतो, आणि पहिला अंधुक उजेड तर सुरुवातीच्या ३० मिलिसेकंदांनंतर लगेच मिळतो.

म्हणजे फेड स्वतः दोन सेकंदांचा अंधार निर्माण करत नाही. तो अंधार दुसरीकडून येतो.

## प्रोग्रामच्या आधी कोण जागं होतं

सकाळी कामावर येणारा एखादा काटेकोर कर्मचारी डोळ्यांसमोर आणा. आल्या आल्या तो कालचं काम हातात घेत नाही. आधी खोलीतले दिवे नीट लागेपर्यंत थांबतो. मग टेबलावर नवीन सूचनेची चिठ्ठी आली आहे का ते बघतो, कोणी घेऊन येत असेल म्हणून थोडी वाटही पाहतो. कोणीच आलं नाही की कालचं काम सुरू.

चिपचंही असंच असतं. वीज आल्यावर व्होल्टेज स्थिरावावं लागतं आणि चिपच्या ठोक्यांचा वेग ठरवणारा क्रिस्टल ताळ्यावर यावा लागतो. ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये यासाठी सुमारे ६५ मिलिसेकंदांचा राखीव थांबा ठरवलेला असतो. डोळ्याला तो जाणवतही नाही, तेव्हा संशयितांच्या यादीतून त्याला वगळू.

मोठा वेळ जातो तो चिठ्ठीची वाट पाहण्यात. हे काम बूटलोडर करतो. बूटलोडर म्हणजे चिपच्या स्मृतीच्या एका कोपऱ्यात कायम बसलेला छोटा प्रोग्राम. यूएसबीची तार जोडून तुम्ही नवा कोड सहज चढवू शकता, ते याच्यामुळे. पण नवा कोड येतो आहे की नाही हे कळायला त्याला थोडं थांबावंच लागतं. ऊनोवर हा थांबा सुमारे १ सेकंदाचा असतो. ऊनोच्या आधीच्या पिढीतल्या बोर्डांवर तो याहून बराच लांब होता. एटीटायनी८५ चिपवर चालणाऱ्या डिजिस्पार्क या चिमुकल्या बोर्डाचा बूटलोडर जवळजवळ ५ सेकंद थांबतो. आर्डुइनो लिओनार्डोवर रिसेटचं बटण दाबलं तर सुमारे ८ सेकंद जातात.

इथे एक बारकावा आहे, आणि सगळ्यात जास्त गोंधळ त्यानेच होतो. ऊनोच्या बूटलोडरच्या बऱ्याच आवृत्त्या आधी 'मी का जागा झालो?' हे तपासतात. नुसती वीज आली म्हणून जाग आली असेल तर त्या वाट न पाहता थेट तुमच्या प्रोग्रामकडे जातात. रिसेट बटणाने जाग आली तर मात्र सेकंदभर थांबतात. लिओनार्डोही वीज मिळताच थेट प्रोग्राम सुरू करतो, आठ सेकंद थांबतो तो बटण दाबल्यावर. आणि ऊनो संगणकाला जोडलेला असताना संगणकाने सीरियल जोडणी, म्हणजे बोर्डाशी मजकूर देवाणघेवाणीचा मार्ग, उघडली की बोर्ड आपोआप रिसेट होतो. नवा कोड चढवणं सोपं जावं म्हणून ही सोय मुद्दाम केलेली आहे. त्यामुळे तोच बोर्ड, तोच कोड, पण संगणकाला जोडला की उशीर आणि अडॅप्टरला जोडला की उशीर नाही, असं दिसू शकतं. तुमच्याकडे असं होत असेल तर तुमच्या कोडला हात लावू नका. त्याचा इथे काही संबंध नाही.

## घड्याळ सुरू होण्याआधीचा वेळ कसा मोजायचा

अनेक जण म्हणतात, "मी मोजून पाहिलं. सेटअपच्या पहिल्या ओळीत मिलिसची किंमत छापली, तर शून्य आली. म्हणजे आधी काही उशीर नाहीच."

सेटअप म्हणजे प्रोग्राममधला सुरुवातीला एकदाच चालणारा भाग, आणि मिलिस हे चिपमधलं घड्याळ. सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद गेले ते सांगतं. पण ते सुरू होतं तुमच्या प्रोग्रामसोबत, बूटलोडरचं काम आटोपल्यावर. आपल्या जन्माआधी किती वेळ गेला हे ते सांगूच शकत नाही. त्यामुळे तिथे शून्य येणारच, मग आधी एक सेकंद गेलेला असो की आठ.

मोजमाप बाहेरून करायला हवं, आणि त्याला महागडं उपकरण लागत नाही. मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा पुरतो. सेकंदाला २४० चित्रं घेणारा असेल तर दोन चित्रांमधलं अंतर सुमारे ४.२ मिलिसेकंद होतं. आपल्याला सेकंदांतला उशीर शोधायचा आहे, तेव्हा एवढी अचूकता भरपूर झाली.

कॅमेऱ्याला तीन खुणा दिसायला हव्यात. पहिली, बोर्डावरचा वीज दाखवणारा दिवा. त्याचा प्रोग्रामशी संबंध नसतो, वीज आली की तो लागतो. दुसरी खूण आपण तयार करायची: एका मोकळ्या पिनेला वेगळा एलईडी जोडायचा आणि सेटअपच्या अगदी पहिल्या ओळींत तो पूर्ण तेजाने लावायचा. तिसरी, फेड होणाऱ्या दिव्याचा पहिला दिसणारा उजेड. आता वीज देताना चित्रण करा आणि एकेक चित्र पुढे सरकवत या तीन घटनांमधलं अंतर मोजा.

दुसऱ्या खुणेसाठी बोर्डावर आधीच असलेला १३ क्रमांकाचा दिवा वापरायचा मोह होईल. ऊनोवर तो टाळा. बूटलोडर सुरू होताना स्वतःच तो दिवा लुकलुकवतो, आणि तुम्हाला वाटेल की तुमचा प्रोग्राम सुरू झाला. तसं पाहिलं तर ही लुकलुकही एक पुरावाच आहे: ती दिसली म्हणजे बूटलोडर कामावर आहे.

पहिल्या आणि दुसऱ्या खुणेतलं अंतर मोठं असेल तर उशीर प्रोग्रामच्या आधीचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेत असेल तर तुमच्या कोडमधला, किंवा डोळ्याला न दिसण्याचा. पाच मिनिटांच्या या कामाने पुढचे कित्येक तास वाचतात. हे केल्याशिवाय एकही आकडा बदलू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

## अंतर पहिल्या टप्प्यात निघालं तर

बूटलोडरला काढता येतं. प्रोग्रॅमर नावाचं छोटं वेगळं यंत्र चिपच्या ठरावीक पिनांना जोडून कोड थेट चढवला की बूटलोडर पुसला जातो आणि त्याच्यासोबत त्याचा थांबाही जातो. बदल्यात यूएसबीने सहज कोड चढवण्याची सोय जाते, मात्र त्याच यंत्राने बूटलोडर पुन्हा बसवता येतो. माझं मत विचाराल तर प्रयोग चालू आहे तोवर बूटलोडर राहू द्या. वस्तू पूर्ण होऊन भिंतीवर किंवा पेटीत कायमची बसणार असेल, तेव्हा काढा.

संगणकामुळे होणारा आपोआप रिसेट थांबवायचा असेल तर ऊनोवर रिसेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. धन बाजू रिसेटकडे. नवा कोड चढवताना तो काढावा लागतो, हे विसरलं की कोड चढत नाही आणि नवाच शोध सुरू होतो.

याच टप्प्यात आणखी दोन गोष्टी लपतात.

एक म्हणजे वीजपुरवठ्याची दमछाक. चिपमध्ये व्होल्टेजवर लक्ष ठेवणारी एक राखण असते. ऊनोवर ते २.७ व्होल्टच्या खाली गेलं की ती चिपला रिसेट करते. एलईडीची लांब पट्टी अपुऱ्या पुरवठ्यावर चालवली तर उजेड वाढता वाढता व्होल्टेज कोसळतं, चिप रिसेट होते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. बघणाऱ्याला वाटतं, दिवा सुरू व्हायला वेळ लावतोय. खरं तर तो पुन्हा पुन्हा सुरू होत असतो. उजेड दर वेळी साधारण एकाच तेजापर्यंत जाऊन विझत असेल तर आधी पुरवठ्याकडे बघा. ऊनोच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये. पट्टीसाठी मॉसफेट (पिनेच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि स्वतंत्र पुरवठा हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे चिपच्या ठोक्यांबद्दलचा गैरसमज. सुटी विकत घेतलेली एटीटायनी८५ किंवा एटीमेगा३२८पी कारखान्यातून येते ती १ मेगाहर्ट्झवर. तिच्यातला ठोका ८ मेगाहर्ट्झचा असतो, पण त्याला आठने भागण्याची एक सेटिंग आधीच चालू ठेवलेली असते. अशा सेटिंगांना फ्यूज म्हणतात. जळणाऱ्या फ्यूजशी त्यांचं नातं फक्त नावापुरतं. आता तुमचा कोड ८ मेगाहर्ट्झ धरून तयार झाला असेल तर प्रत्येक थांबा आठपट लांबतो. दीड सेकंदाचा फेड बारा सेकंदांचा होतो आणि सेटअपमधला अर्धा सेकंद चार सेकंद होतो. ओळखायची खूण सोपी आहे: दर सेकंदाला लुकलुकणारा साधा कोड चढवा आणि घड्याळ लावून बघा. लुकलुक आठ सेकंदांनी होत असेल तर कारण सापडलं. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य वेग निवडून 'बर्न बूटलोडर' हा पर्याय एकदा चालवला की फ्यूज दुरुस्त होतात. मात्र हे एटीटायनी८५ वर केल्यावर त्या चिपमध्ये बूटलोडर बसेलच असं नाही, अनेकदा फक्त फ्यूजच बदलतात, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

## "माझ्या कोडमध्ये सुरुवातीला डिले नाहीच"

असेल, पण डिले हा शब्द न लिहिताही थांबता येतं.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'सीरियल तयार होईपर्यंत थांब' ही ओळ. ऊनोवर यूएसबीचं काम वेगळी चिप सांभाळते, त्यामुळे ही ओळ तिथे क्षणात ओलांडली जाते. लिओनार्डोसारख्या बोर्डावर मुख्य चिपच यूएसबी सांभाळते. तिथे संगणकावर सीरियलची खिडकी उघडेपर्यंत प्रोग्राम त्या ओळीवर उभा राहतो, आणि संगणक जोडलेलाच नसेल तर कायमचा. टेबलावर चालणारा दिवा अडॅप्टरवर अजिबात लागत नाही, याचं कारण पुष्कळदा ही एक ओळ असते. ती काढा, किंवा 'जास्तीत जास्त दोन सेकंद थांब' अशी मर्यादा घाला.

ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ या वायफाय असलेल्या चिपांवर वायफाय जोडलं जाईपर्यंत फिरत राहणारा लूप सेटअपमध्ये असतो. जोडणीला काही सेकंद लागतात आणि राउटर बंद असेल तर ती होतच नाही. दिव्याला वायफायची गरज नसताना तो त्याच्या रांगेत का उभा राहावा? एलसीडी पडदे, मेमरी कार्ड, निरनिराळे सेन्सर यांच्या लायब्रऱ्याही आतल्या आत थांबतात. एकेक थांबा छोटा असतो, एलसीडीचा सुरुवातीचा ५० मिलिसेकंदांचा, पण त्यांची बेरीज होत जाते. हालचाल ओळखणारा स्वस्त पीआयआर सेन्सर मात्र वेगळ्याच पंक्तीत बसतो. वीज दिल्यावर स्थिर व्हायला त्याला साधारण एक मिनिट लागतं. तुमचा दिवा अशा सेन्सरच्या इशाऱ्यावर उजळत असेल तर पहिल्या मिनिटातल्या वागण्यावरून काहीच निष्कर्ष काढू नका.

आता एक सापळा, ज्यात चांगले अनुभवी लोकही अडकतात. डिले वापरणं वाईट, मिलिस वापरून वेळ मोजावा, असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. त्याची रीत अशी: मागचं काम कधी केलं ती वेळ लक्षात ठेवायची, आणि आत्ताची वेळ वजा मागची वेळ ठरलेल्या अंतरापेक्षा जास्त झाली की काम करायचं. पण सुरुवातीला 'मागची वेळ' शून्य असते. दर १० सेकंदांनी एक फेड करायचा असेल तर पहिला फेडही १० सेकंदांनंतरच होतो. मागच्या वेळचं शून्य म्हणजे चिपच्या दृष्टीने 'शून्याव्या सेकंदाला काम केलेलं आहे'. प्रत्यक्षात ते कधी झालेलंच नसतं. कोड तर्काने अगदी बरोबर चालतो, फक्त तुमच्या मनातली गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. उपाय एका ओळीचा: पहिला फेड सेटअपमध्येच सुरू करून द्या, किंवा 'पहिलीच वेळ आहे का?' अशी वेगळी खूण ठेवा.

## दिवा लागलाय, पण दिसत नाही

तिसरा थांबा मला सगळ्यात विलक्षण वाटतो, कारण त्यात ना चिप उशीर करते ना प्रोग्राम.

आपला डोळा उजेड सरळ पट्टीने मोजत नाही. अंधारात एक मेणबत्ती लावली तर फरक मोठा वाटतो. शंभर मेणबत्त्यांत आणखी एक लावली तर कळतही नाही. जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव फेक्नर यांनी १८६० साली संवेदनेचा हा नियम गणितात मांडला. उजेडाच्या बाबतीत आज वापरलं जाणारं सूत्र सांगतं की प्रत्यक्ष उजेड निम्मा केला तरी डोळ्याला तो पूर्ण तेजाच्या सुमारे ७६ टक्के वाटतो. म्हणून ० ते २५५ असा सरळ चढत जाणारा फेड सुरुवातीला एकदम उसळी घेतो आणि उत्तरार्धात जागीच थांबल्यासारखा दिसतो.

यावर उपाय म्हणून गॅमा दुरुस्ती करतात. आकडे सरळ न चढवता आधी फार सावकाश आणि नंतर वेगाने चढवायचे. बहुतेक जण याचं तयार कोष्टक वापरतात: २५६ जागा, प्रत्येक जागेवर पिनेला द्यायचा आकडा. फेड डोळ्याला सुरेख दिसू लागतो, आणि त्याच वेळी नवा उशीर जन्माला येतो.

गणित करून पाहू. जागेचा क्रमांक २५५ ने भागायचा, त्याचा घात करायचा आणि पुन्हा २५५ ने गुणायचं. घातांक २.८ धरला तर २७ व्या जागेवरची किंमत येते सुमारे ०.४७. पूर्णांकात ती शून्य होते. २८ व्या जागेवर ०.५३ येते, ती वर सरकून १ होते. म्हणजे ० ते २७ या पहिल्या २८ जागांवर सगळी शून्यंच. प्रत्येक जागेवर ३० मिलिसेकंद थांबत असाल तर ८४० मिलिसेकंद फेड 'चालू' असतो आणि दिवा काळाठिक्कर. अपूर्णांक जवळच्या आकड्याकडे न सरकवता नुसता छाटून टाकला असेल तर ३६ जागा शून्य होतात आणि अंधार एका सेकंदाच्या पुढे जातो. त्याच्या आधी बूटलोडरचा एक सेकंद असेल तर दोघांची बेरीज दोन. हरवलेले दोन सेकंद बऱ्याचदा असेच भरतात.

ओळखायची खूण इथेही आहे, आणि तिला कॅमेराही लागत नाही. दिवा मावळून पुन्हा उजळतो तेव्हा मधला अंधार बघा. उतरताना २८ शून्यं आणि चढताना २८ शून्यं, म्हणजे जवळजवळ १.७ सेकंद. दर चक्राला असा लांबलेला अंधार दिसत असेल तर दोष सुरुवातीचा नाही, कोष्टकाचा आहे. बूटलोडरचा थांबा एकदाच येतो, कोष्टकाचा दर फेरीला.

झटपट उपाय म्हणजे फेड कोष्टकाच्या २८ व्या जागेपासून सुरू करणं. त्याने उशीर जातो, पण ० वरून १ वर जाताना एक हलका झटका दिसतो, अंधाऱ्या खोलीत तर स्पष्टच. कारण २५५ पैकी १ हाही अंधाराला सरावलेल्या डोळ्याला चांगला उजेड असतो. खरा उपाय म्हणजे पायऱ्या बारीक करणं. ऊनोच्या ९ आणि १० क्रमांकाच्या पिना ज्या टायमरला (पीडब्ल्यूएमसाठी ठोके मोजणाऱ्या भागाला) जोडलेल्या आहेत तो १६ बिटांचा आहे. तो पूर्ण वापरला तर २५६ ऐवजी ६५,५३६ पायऱ्या मिळतात. चालू-बंद होण्याचा वेग सेकंदाला २४४ वर येतो, पण स्थिर दिव्यासाठी तो पुरतो. त्याच घातांकाने आता शून्य किंमत फक्त पहिल्या चार जागांवर उरते, आणि २८ व्या जागेवर जिथे १ होता तिथे १३५ येतो. आधी अंधारात गडप झालेला सगळा चढ आता खऱ्या उजेडात उतरतो. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुन्हा ८ बिटांकडे, म्हणजे २५६ पायऱ्यांकडे, जावंसं वाटत नाही.

## उलटी तक्रार: सुरू होताना भपकन पेटतो

काही जणांचा दिवा उशीर करत नाही. तो वीज देताच क्षणभर पूर्ण पेटतो, विझतो आणि मग शहाण्यासारखा फेड सुरू करतो. कारण तेच, पहिला थांबा. बूटलोडर चालू असेपर्यंत तुमच्या पिनेचा मालक कोणी नसतो. ती ना चालू असते ना बंद, अधांतरी असते. तिच्यावर मॉसफेटचं गेट (त्याला इशारा देणारं टोक) टांगलेलं असेल तर ते कुठल्याही बाजूला झुकतं. गेट आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक लावला की प्रोग्राम येईपर्यंत गेट खाली धरून ठेवलं जातं. सामाईक धन टोक असलेल्या एलईडीत तर अर्थच उलटा असतो, तिथे २५५ म्हणजे अंधार आणि ० म्हणजे पूर्ण तेज, म्हणून ० पासून सुरू केलेला फेड पूर्ण तेजानेच सुरू होतो.

## "मग वेगवान चिपच घेतली तर?"

बहुधा फायदा नाही. वर सांगितलेले मोठे थांबे चिप हळू आहे म्हणून होत नाहीत, कोणीतरी मुद्दाम थांबायला सांगितलं म्हणून होतात. सोळापट वेगवान चिपवरही एक सेकंद थांब म्हटलं की एक सेकंदच जातो. उलट मोठ्या चिपांची सुरुवातीची साखळी लांब असते: आधी चिपमधला कायमचा कोड, मग बाहेरच्या स्मृतीतला बूटलोडर, मग तुमचा प्रोग्राम.

## "एका सेकंदाने काय बिघडतं?"

टेबलावरच्या प्रयोगात काही नाही. पण बटण दाबल्यावर सुमारे ०.१ सेकंदात उत्तर मिळालं तरच माणसाला ते तत्काळ वाटतं. एक सेकंद काहीच झालं नाही की तो पुन्हा बटण दाबतो. ते बटण विजेचंच असेल तर दुसऱ्यांदा दाबल्याने दिवा बंद होतो, आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून जागा व्हायला लागतो. जिन्यावरच्या दिव्यासाठी एक सेकंद म्हणजे अंधारात टाकलेली दोन पावलं. हीच चिप एखाद्या यंत्रावर 'चालू आहे, हात लावू नका' असं सांगणारा दिवा लावत असेल, तर त्या एका सेकंदात तो दिवा खोटं बोलत असतो.

म्हणून अशा वस्तूत मी कामांचा क्रम उलटा लावतो. सेटअपच्या पहिल्याच ओळींत दिव्याला एक मंद पण दिसेल असा उजेड देतो. वायफाय, पडदा, सेन्सर यांची जुळवाजुळव त्यानंतर. आणि फेडची पुढची पायरी लूपमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या सतत फिरत राहणाऱ्या भागात, मिलिसच्या हिशेबाने चालवतो, म्हणजे कोणासाठी थांबावं लागलं तरी दिवा अडून बसत नाही. मग मोबाइल पुन्हा त्याच जागी लावायचा, वीज द्यायची आणि त्याच तीन खुणांमधली चित्रं पुन्हा मोजायची.